दादाची गाडी आणि काळी डबी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. भाचे मंडळींपैकी दोघांनी फोन करून विचारलं, "मामा, लिहायचं सोडलं की काय?" सोडलं नाही. दोन महिने एका गाडीच्या मागे होतो, आणि गाडीच्या मागे लागता लागता शंभर-सव्वाशे वर्षं मागे गेलो. मास्तरकीची सवय, दुसरं काय!

गाडी आमच्या दादाची. २०१० च्या डिसेंबरात कांद्याने कशी उसळी मारली होती ते लासलगावच्या माणसाला सांगायला नको. त्या वर्षी दादाच्या चाळीत माल होता आणि नशीबही होतं. २०११ च्या सुरुवातीला त्याने ही मोठी डिझेल गाडी घेतली. दारात उभी राहिली तेव्हा वहिनीने नारळ फोडला आणि दादा म्हणाला, "आता बैलगाडीत बसायची तुझी हौस संपली." गाडी कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण पुढे जे रामायण घडलं त्यात कंपनीचा काही दोष नाही. तो आमच्याच घरचा आहे. पुढे येईलच.

२०२१ च्या मे महिन्यात दादा गेला. गाडी राहिली. पुतण्या पुण्याला असतो, त्याची स्वतःची गाडी आहे. तो दर दिवाळीला म्हणतो, "काका, आईला सांगा, विकून टाकू." वहिनी काही बोलत नाहीत, चहा टाकायला उठून जातात. दर महिन्याला त्यांना डोळ्यात इंजेक्शन घ्यायला नाशिकला जावं लागतं. गल्लीतला एक मुलगा गाडी चालवतो, मी शेजारी बसतो आणि वहिनी मागे, दादा असताना बसायच्या त्याच जागी.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस असेच परतत होतो. चांदोरी, निफाड, नैताळे गेलं, विंचूरच्या चौफुलीवरून लासलगावकडे वळलो. पाऊस थांबलेला होता, पण वायपर आपले आपण सुरू झाले. मुलाने बंद केले, पुन्हा सुरू झाले. मग दारांची कुलपं खटाखट लागायला आणि उघडायला लागली. आम्ही हसलो. आणि मग पुढचे दोन्ही दिवे गेले.

अंधार म्हणजे अगदी काळोख. दुसऱ्या दिवशीच्या लिलावासाठी रात्रीच निघालेल्या ट्रॅक्टरांची रांग त्या रस्त्याला नेहमीच असते आणि ट्रॉलीला मागे लाल दिवा असेलच असं नाही. पोराने ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा समोरच्या ट्रॉलीतल्या कांद्याचा वास काचेतून आत येत होता, इतकी ती जवळ होती. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, काही झालं नाही ना?"

सकाळी पुतण्याचा फोन. या वेळी आवाज वेगळा होता. "काका, आता पुरे. पंधरा वर्षं होत आली, परत पासिंगचा खर्च आहे. आईला काही झालं असतं म्हणजे?" त्याचं चुकत नव्हतं. मी त्याला एक महिना मागून घेतला.

गावातला गॅरेजवाला माझा जुना विद्यार्थी. दहावीला इतिहासात काठावर पास झाला होता, आणि अजून मला बघून हात पुसत उभा राहतो. त्याने बॉनेट उघडलं नाही, आधी बॅटरी मोजली. ती चांगली होती. मग अर्थिंग पाहिलं. "सर, गाडी वेड्यासारखं करायला लागली की पहिल्यांदा अर्थिंग. शंभरातल्या कितीतरी गाड्या तिथेच बऱ्या होतात." अर्थिंगही ठीक होतं. मग तो ड्रायव्हरच्या पायापाशी उताणा पडला, डोकं डॅशबोर्डच्या खाली, टॉर्च तोंडात. थोड्या वेळाने बाहेर आला आणि म्हणाला, "बीसीएम गेलंय."

बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. हाताच्या पंजाएवढी काळी डबी, मागे तारांचे तीन-चार जाड कपलर. इंजिनाशी तिचा थेट संबंध नाही, त्याचा मेंदू वेगळा. ही डबी गाडीच्या अंगाची कारभारीण: दिवे, इंडिकेटर, वायपर, भोंगा, दारांची कुलपं, काचा, आतला दिवा, आणि पुष्कळ गाड्यांत चावी ओळखण्याचं कामही तिच्याकडेच. मी म्हटलं, "अरे, पण दिव्याला बटण असतं, बटणातून तार दिव्याला जाते. मधे हिचं काय काम?" तो हसला. "सर, ती तुमच्या वेळची गाडी. आता बटण दिवा लावत नाही. बटण फक्त डबीला अर्ज करतं."

हे वाक्य घेऊन मी घरी आलो. कारण माझ्या वेळची गाडी म्हणजे जीप, आणि तिच्यात अर्ज-बिर्ज नव्हते.

जीप पहिल्यांदा जवळून पाहिली ती लहानपणी, तहसील कचेरीची. (१९६३ साली यशवंतराव चव्हाण नाशिकमधून लोकसभेवर गेले तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. गावात जीपांचा धुरळा उडेल म्हणून आम्ही मुलं वाट पाहत होतो, पण ते बिनविरोध निवडून आले आणि आमची निराशा झाली!) त्या जीपेत वीज होती ती नावापुरती. बॅटरी, डायनॅमो, स्टार्टर, दिवे, भोंगा आणि एखाद-दोन फ्यूज. तार एकच जायची, परतीची तार म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. फ्यूज उडाला की ड्रायव्हर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून वेळ मारून न्यायचा. हे धोक्याचं आहे हे त्यालाही माहीत असायचं.

ती जीप मूळची अमेरिकेतल्या विलीज कंपनीची, दुसऱ्या महायुद्धातली, ६ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी. आपल्याकडे ती आणली महिंद्र बंधूंनी. १९४५ साली कंपनी निघाली तेव्हा तिचं नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' होतं. जीपांची जुळणी मुंबईत माझगावला सुरू झाली. फाळणी झाली, भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. इकडे १९४८ साली पाटीवरचा 'मोहम्मद' जाऊन दुसरा 'महिंद्र' आला. शाळेत फाळणी शिकवताना हे उदाहरण मी नेहमी द्यायचो. पोरांना नकाशापेक्षा पाटी पटकन कळते.

पण मोटारीत वीज शिरली ती जीपेच्या कितीतरी आधी, आणि अगदी चोरपावलांनी. सुरुवातीच्या मोटारींचे दिवे कार्बाइडच्या गॅसवर जळत. जत्रेतल्या फेरीवाल्यांच्या बत्त्या ज्यांना आठवत असतील त्यांना तो वास आठवेल. इंजिन सुरू करायला पुढे हँडल मारायचं, आणि ते उलटं फिरलं की मनगट मोडायचं. विजेचं काम एकच, ठिणगी पाडणं. जर्मनीत श्टुटगार्टला रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड या इंजिनिअरने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग अशी जोडी बसवून दिली आणि ठिणगीची कटकट मिटली. दहा वर्षांनी, १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला. स्टार्टरला बॅटरी हवी, बॅटरी भरायला डायनॅमो हवा, आणि एवढं घरात आलंच आहे तर दिवे तरी गॅसचे कशाला? पाहुणा म्हणून आलेली वीज अशी घरची झाली.

त्यानंतर भोंगा, वायपर, इंडिकेटर. जुन्या इंडिकेटरचं मला फार कौतुक आहे. त्याच्या डबीत धातूची एक पट्टी असायची. वीज वाहिली की ती तापून वाकायची, जोड तुटायचा, दिवा जायचा. थंड झाली की सरळ, पुन्हा दिवा. तापणं-निवणं एवढ्यावर ती टिकटिक चालायची. आणि एक दिवा गेला की तिची लय बदलायची, म्हणजे बिघाड ड्रायव्हरला कानाने कळायचा. ना चिप, ना स्क्रीन.

मग आला रिले. तोही मूळचा मोटारीतला नव्हे, तारायंत्रातला. दूरवरून आलेला दमलेला विद्युतप्रवाह एका लोहचुंबकाला जेमतेम जागं करतो आणि तो चुंबक नव्या दमाच्या प्रवाहाचं दार उघडतो. १८६० च्या दशकात आपल्याकडून भुसावळकडे रेल्वे गेली, तिच्या बाजूने तारेचे खांब गेले, ते याच युक्तीच्या जिवावर. मोटारीत रिलेने काय केलं, तर नाजूक बटण आणि जाड प्रवाह यांची ताटातूट केली. बटणाने नुसतं सांगायचं, ओझं रिलेने उचलायचं. माझ्या विद्यार्थ्याचा 'अर्ज' इथून सुरू होतो.

१९८० च्या आसपास मामला हाताबाहेर जायला लागला. प्रत्येक सोयीला एक बटण, प्रत्येक बटणाला तारा. उंची गाड्यांत तारांची लांबी किलोमीटरमध्ये मोजायची वेळ आली. दारातून जाणारी तारांची जुडी मनगटाएवढी, आणि दार हजारदा उघडलं-मिटलं की त्यातली एखादी तुटणार. यावर उपाय काढला पुन्हा बॉश कंपनीनेच. १९८३ साली काम सुरू झालं आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटला त्यांनी तो जगापुढे मांडला. त्याचं नाव कॅन. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा, आणि त्यांच्यावर गाडीतल्या सगळ्या डब्या आपापसांत बोलतात.

हे समजायला मला वेळ लागला, पण समजलं तेव्हा वर्गच आठवला. एकाच तारेवर सगळे बोलायला लागले तर गोंधळ होणार. म्हणून प्रत्येक निरोपाला एक क्रमांक असतो. दोघांनी एकदम तोंड उघडलं तर लहान क्रमांकाचा निरोप पुढे जातो, मोठ्या क्रमांकाचा आपला आपण गप्प बसतो आणि तार मोकळी झाली की पुन्हा बोलतो. मधे कुणी मॉनिटर नाही, छडी नाही. पस्तीस वर्षं शिकवून मला हे एका वर्गात जमलं नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मर्सिडीजच्या मोठ्या गाडीत हे पहिल्यांदा रस्त्यावर आलं. दारातली तारांची जुडी बारीक झाली, आणि अंगाची कामं सांभाळणाऱ्या डबीला हळूहळू बीसीएमचं रूप आलं.

याच बॉशचा कारखाना आपल्या नाशिकला आहे. नाशिककर त्याला अजून 'मायको'च म्हणतात, आणि चौकाचं नावही मायको सर्कलच, जरी कंपनीची पाटी २००८ साली बदलून बॉश झाली तरी. तिथे डिझेल इंजिनाचे इंजेक्टर आणि नोझल बनत आले. आमच्या शाळेची पोरं आयटीआय करून सातपूरला लागली की गावात पेढे वाटले जायचे.

सातपूरचंच आणखी एक. १९९३ साली पवन गोएंका अमेरिकेतली जनरल मोटर्समधली नोकरी सोडून महिंद्रच्या संशोधन विभागात नाशिकला आले. त्या वेळी जीपेचीच भावंडं बनवणारी ही कंपनी. त्यांनी आणि नाशिकच्या तरुण इंजिनिअरांनी मिळून जी गाडी उभी केली ती स्कॉर्पिओ, जून २००२ मध्ये बाजारात आली. (त्याच वर्षी आमच्या लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा कांद्यावर किरणं सोडून मोड थांबवणारा 'कृषक' प्रकल्प सुरू झाला. नाशिक जिल्ह्याने एका वर्षात दोन गोष्टी केल्या आणि आम्हाला बातम्यांत फक्त कांद्याचा भाव दिसला.) पुढे २००८ च्या सुमारास त्या गाडीच्या वरच्या मॉडेलात पाऊस पडला की आपोआप फिरणारे वायपर आले. सिगारेटच्या चांदीवर चालणाऱ्या जीपेपासून पाऊस ओळखणाऱ्या गाडीपर्यंतचा हा प्रवास, आणि तो मुक्काम-पोस्ट नाशिक. शाळेच्या पुस्तकात हे कधी येईल असं वाटत नाही.

असो. आमच्या डबीकडे येऊ.

दोष घरचा म्हणालो, तो असा. दादाला जादा दिव्यांची हौस. धुक्यात दिसावं म्हणून त्याने पुढे दोन मोठे दिवे बसवून घेतले होते. वायरमनने कपलरपाशी तार सोलून तिथूनच वीज उचलली होती, वर नुसती काळी पट्टी. शिवाय मधे एकदा पुढची काच बदलली होती, तिच्या कोपऱ्यातून पावसाचं पाणी थेंब थेंब आत येत होतं. ते त्या सोललेल्या तारेवरून उतरत डबीच्या कपलरपर्यंत गेलं. आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या, देवघरातल्या न घासलेल्या तांब्याच्या पळीसारख्या. अशा ओल्या हिरव्या पिनांतून वीज वाटेल तिकडे झिरपते, आणि डबीला न केलेले अर्ज मिळायला लागतात. म्हणून पाऊस नसताना वायपर.

विद्यार्थी म्हणाला, "सर, नवी डबी महाग आहे. नाशिकला भंगारातल्या गाडीची मिळते का बघतो." मिळाली, चौथाई किमतीत. वरचा नंबर अगदी तोच. बसवली. कुलपं लागली, दिवे लागले, आणि गाडी सुरू होईना! डॅशबोर्डवर चावीचं चित्र नुसतं लुकलुकत राहिलं. त्या डबीला तिच्या जुन्या मालकाची चावी आठवत होती. दादाच्या चावीला ती ओळख देत नव्हती.

हा इमोबिलायझर. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला आणि मग सगळीकडे पसरला. चोरासाठी केलेली सोय, पण चोर आणि मेस्तरी यांतला फरक तिला कळत नाही. डबी बदलायची तर तिला या गाडीची ओळख करून द्यावी लागते: हिचा चासी नंबर काय, हिच्यात काय काय बसवलेलं आहे, हिच्या चाव्या कोणत्या. त्यासाठी कंपनीचं स्कॅनर लागतं, आणि ते गल्लीतल्या गॅरेजला सहजासहजी मिळत नाही.

यावर आपल्या देशात मोठा खटला झालेला आहे, हे मला माहीत नव्हतं. एका ग्राहकाने २०११ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजना देत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाइकाला पर्याय उरत नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने निकाल दिला: १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड, आणि सुटे भाग व यंत्रं खुल्या बाजारात उपलब्ध करून द्या असा आदेश. मग अपिलं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्यात मोटारी आणि शेतीची अवजारं दोन्ही घेतली. मी हे सगळं विद्यार्थ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "सर, निकाल चांगला आहे. पण तो लासलगावला यायला एसटीने निघालाय वाटतं."

मला त्याचं बोलणं लागलं. हा माणूस आवाजावरून बेअरिंग ओळखतो, आणि एका डबीपुढे त्याला हात जोडावे लागतात. पण दुसरी बाजूही आहे. ती चावीची ओळख नसती तर दादाची गाडी शेतातल्या घरापुढून कधीच गेली असती. आमच्या भागात तसल्या गाड्या रातोरात गेलेल्या आहेत. हक्क हवा आणि कुलूपही हवं, हे दोन्ही एकदम कसं करायचं हे माझ्यासारख्या बी.ए.ने सांगावं असं नाही.

शेवटी नवी डबी मागवली. एकोणीस दिवस लागले. तोवर विद्यार्थ्याने काचेची फट भरली, दादाचे जादा दिवे काढले, सोललेल्या तारा एकेक करून सांधल्या, कपलरच्या पिना साफ केल्या. हे आधी केलं नसतं तर नवी डबीही पुढच्या पावसात गेली असती. नाशिकहून लॅपटॉप घेऊन एक मुलगा आला, वय बावीस-तेवीस. बॅटरीला चार्जर लावून ठेवला, कारण लिहिताना मधेच व्होल्टेज पडलं तर डबी अर्धवट शिकून बसते. दोन्ही चाव्या मागितल्या. एक मुलाजवळ होती. दुसरी वहिनीने देवघरातून आणून दिली, दादाच्या घड्याळाशेजारी ठेवलेली.

चाळीस मिनिटं आम्ही सगळे गप्प. मग त्याने चावी फिरवली आणि गाडी लागली. विद्यार्थ्याने साइड दिली. टिक-टिक. मी त्याला म्हटलं, "बघ, पट्टी तापते आहे." तो म्हणाला, "नाही सर, पट्टी कुठली आता. वेळ चिप मोजते. पण आवाज ठेवलाय, माणसाला सवय असते म्हणून."

जुनी डबी त्याने खोलून ठेवली आहे. एका पिनेचा पाय सडून गेलाय, बाकी सगळं शाबूत दिसतं. रिकाम्या वेळात ती जिवंत करून बघतो म्हणाला.

पुतण्याला फोन करून सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "पासिंगला मी येतो. कागद काढून ठेवा." पुढच्या महिन्यात नाशिकच्या आरटीओत तारीख आहे. काल वहिनींची इंजेक्शनची खेप झाली, येताना अंधार झाला. विंचूर सोडल्यावर मी मागे वळून पाहिलं तर त्या डोळ्यावर पट्टी, मान टेकलेली, गाढ झोपल्या होत्या.